ओव्हनच्या एक्झॉस्टसाठी किती लिटर कॅटॅलिस्ट लागेल?

रंग वाळवायच्या ओव्हनमधून १२० अंशांना तासाला ७,२०० घनमीटर हवा निघते. तिच्यातली टोल्युइन या सॉल्व्हंटची वाफ कॅटॅलिस्टवर जाळायची, म्हणून ही हवा २०,००० च्या स्पेस व्हेलॉसिटीने (तासाला कॅटॅलिस्टच्या आकारमानाच्या किती पट हवा जाते, तो आकडा) भागून तुम्ही ३६० लिटर काढलेत. भागाकार बरोबर आहे, पण स्पेस व्हेलॉसिटी नॉर्मल घनमीटरवर धरतात, म्हणजे शून्य अंश आणि एक वातावरण दाब. ७,२०० ला २७३ ने गुणून ३९३ ने भागा (शून्य आणि १२० अंश केल्विनमध्ये). उरतात ५,०००, आणि कॅटॅलिस्ट २५० लिटर.

प्लॅटिनमच्या हनीकोंबवर (बारीक सरळ नळ्यांचा ठोकळा) टोल्युइनसाठी २०,००० हा पहिल्या अंदाजाला ठीक आकडा आहे. मात्र किती टक्के जाळायचं ते आधी ठरवा. ९० टक्क्यांवरून ९९ वर जायचं तर साधारण दुप्पट कॅटॅलिस्ट लागतो. तापमान वाढवून तो वाचवता येतो, पण एका मर्यादेपर्यंतच. पुढे टोल्युइन भिंतीपर्यंत पोचायला लागणारा वेळच आडवा येतो.

२५० लिटर कसे मांडता यावर ब्लोअरचं वीजबिल ठरतं. एक चौरस मीटर तोंड आणि २५ सेंटिमीटर खोली ठेवलीत तर ३०० अंशांना वेग सेकंदाला तीनेक मीटर येतो. तोच माल अर्ध्या तोंडावर दुप्पट खोल रचलात, तर प्रेशर ड्रॉप, म्हणजे हवा ढकलताना खर्ची पडणारा दाब, जवळपास चौपट. जागा वाचते म्हणून व्हेंडर लांबुडका डबा सुचवतात, तेव्हा हे विचारा.

आता खरी काळजी. तुम्ही सांगितलेली टोल्युइनची २ ग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर ही सरासरी आहे. दर ग्रॅम टोल्युइनला हवा साधारण ३० अंश तापते, म्हणजे २ ग्रॅमला ६० अंश, काहीच नाही. पण ओव्हनमध्ये ताजा माल गेल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय होतं? स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या २५ टक्के, म्हणजे ११ ग्रॅमच्या आसपास पोचलात, तर ३०० वर शिरलेली हवा साधारण ६३० ला बाहेर पडेल. तिथे प्लॅटिनमचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि कॅटॅलिस्ट कायमचा मंदावतो. म्हणून मोजमाप शिखराचं करा, आणि कॅटॅलिस्टच्या पुढे-मागे दोन्हीकडे थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) बसवा.

रंगात सिलिकोनचं अॅडिटिव्ह आहे का, हेही रंगवाल्याला विचारा. असेल तर जळून त्याची सिलिका कॅटॅलिस्टवर थर धरते, आणि तो थर सहसा धुऊनही निघत नाही. अशा वेळी २५० चे ३५० लिटर करण्यापेक्षा कॅटॅलिस्टच्या आधी बदलता येईल असा स्वस्त गार्ड बेड (सिलिका स्वतःवर घेणारा थर) लावणं मला जास्त पटतं.