नटवलेली जुनी गाडी घ्यावी का?

प्रश्न : भाऊ, भुसावळला एक सेकंडहँड डिझेल स्विफ्ट बघितली. रुंद टायर, खाली बसवलेली गाडी, धडधडणारा सायलेन्सर. मालक म्हणतो लाखभर वरून घातलेत. घेऊ का?

उत्तर : त्याचा लाख त्याच्या हौसेचा, तुम्ही कशाला भरताय! आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, गाडीशी ताडून बघा, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी आरसी जुळली पाहिजे, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलंय, आणि उद्या गाडी ठोकली तर इन्शुरन्सवाला नेमकं हेच उकरून काढेल. सीटकव्हर, म्युझिक वगैरेचं काही नाही. स्टेअरिंग पूर्ण वळवा आणि चाकामागे हात घाला, आतलं प्लास्टिक टायरने घासून चकचकीत झालेलं असेल तर समजा खेड्यावरच्या रस्त्याला रोज आपटणार. मग बोनेट उघडा, हेडलाइटमागे वायरींना काळ्या टेपचे जोड दिसले की मी तर तिथूनच परत फिरतो, मे महिन्यात आपल्याकडे 45 डिग्रीत त्या टेपचा गोंद सुटतो हो. जुनी स्प्रिंग आणि सायलेन्सर घरात पडलेत का विचारा. असतील तर ते बसवून मागा, अन् भाव साध्या स्विफ्टचाच लावा.