तुम्ही जिंकलात

ताई,

मी 59 वर्षांचा, सांगलीला असतो. गेल्या वर्षी सहकारी बँकेतून निवृत्त झालो. नऊ वर्षं फोनवरच्या एका ॲपवर बुद्धिबळ खेळतोय. घाईचं नव्हे, दिवसाला एखादी चाल, असं निवांत. तिथे आम्हा पस्तीसेक मराठी मंडळींचा गट आहे. त्यातले इंदूरचे एक गृहस्थ माझे मित्र झाले. त्यांचं टोपणनाव 'काळा घोडा'. मी त्यांना घोडेराव म्हणायचो, ते मला प्यादेसाहेब. चारशेच्या वर डाव खेळलो असू. पटाखालच्या चौकटीत गप्पा चालायच्या. दर रविवारी त्यांचा ठरलेला निरोप : 'पोहे-जिलबी झाली, आता तुमचा हत्ती खातो.' त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नाही.

दोन महिन्यांपूर्वी त्यांची चाल येईना. तीन दिवसांची मुदत संपली आणि ॲपवर आलं, 'तुम्ही जिंकलात'. वर माझे अकरा गुण वाढले. खरं तर त्या डावात मी हरत होतो. मी लिहिलं, 'काय घोडेराव, पळालात?' नऊ दिवसांनी त्यांच्या मुलीने त्यांच्याच खात्यावरून गटात कळवलं, बाबा हार्ट अटॅकने गेले.

त्याच्या महिनाभर आधी त्यांनी मला लिहिलं होतं, 'जिना चढताना छातीत भरून येतं, कालच्या कचोऱ्या बाधल्या वाटतं.' मी उत्तर दिलं होतं, 'विषय बदलू नका, वजीर वाचवा.'

आता रात्री तीनला जाग येते. तो पट उघडून बसतो. बायको म्हणते, 'तुमचे सख्खे दादा गेले तेव्हा एवढं रडला नाहीत. हा कोण कुठला?' तिचं चुकतंय असंही म्हणता येत नाही. मुलीला फोन करावा का? इंदूरला जाऊन यावं का? पण काय म्हणून जाऊ?

– प्यादेसाहेब, सांगली

*

नमस्कार प्यादेसाहेब,

'काय म्हणून जाऊ?' हे तीन शब्द तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलेत, पण बाकीचं सगळं पत्र मला त्यांच्यापायीच लिहिलेलं वाटलं. आपल्याकडे गेलेल्याच्या घरी माणसाच्या आधी त्याचं नातं पोचतं. दारात कुणीतरी हळूच विचारतंच, 'हे कोण?' तिथे 'थोरल्या मावसभावाचे व्याही' असं सांगितलं की लगेच सतरंजीवर जागा होते, चहा येतो. 'आम्ही फोनवर बुद्धिबळ खेळायचो' हे सांगताना मात्र तुमची जीभ अडखळणार. नऊ वर्षं रोज बोलत होतात तरी अडखळणार, आणि त्या मावसभावाच्या व्याह्यांनी गेलेल्या माणसाला दोन लग्नांत मिळून अर्धा तास पाहिलेलं असणार.

आता दादांचं. दादा गेले तेव्हा काय काय झालं ते आठवून बघा. तुम्ही मातीला गेलात, तिसऱ्या दिवशी सावडायला गेलात. घरात चूल पेटली नाही, शेजारपाजारच्यांनी पिठलं-भाकरी आणली. दहाव्याला नदीवर कावळा शिवेपर्यंत सगळे जण ताटकळले असतील, त्यात कुणीतरी दादांची एखादी गंमत सांगितली असेल आणि तुम्ही हसलाही असाल. मग तेरावं, मृत्यूचा दाखला, वारसाचे अर्ज. तुम्ही बँकेतले, म्हणजे ते सगळे कागद तुमच्याच गळ्यात पडले असणार. तुम्ही रडला नाहीत असं नाही. तेरा दिवस चार माणसांच्या संगतीने, कामाच्या ओघात थोडं थोडं रडलात, म्हणून ते कुणाच्या डोळ्यावर आलं नाही, तुमच्यासुद्धा.

घोडेरावांच्या वेळी यातलं काहीच झालं नाही. बातमी कळली त्या दिवशीही तुमच्या घरी नेहमीच्या वेळी कुकरची शिट्टी झाली असेल. तुमच्यासाठी कडू घास कुणी आणला नाही. केनेथ डोका नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने 1989 साली अशा दुःखाला एक नाव दिलं. मराठीत सांगायचं तर 'ज्याचा हक्कच मान्य नाही असं दुःख'. मला नावांचं फारसं कौतुक नाही, पण हे पटतं. कारण दुःखाचा आकार नात्यावर ठरत नसला तरी त्याला जागा मात्र नात्यावरच मिळते.

आणि बातमी तरी कशी आली! आमच्या लहानपणी कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड यायचं. ते हातात पडलं की वाचायच्या आधीच कळायचं. माझी आजी ते उंबऱ्याबाहेर उभं राहूनच वाचून घ्यायची, लगेच फाडून टाकायची आणि आंघोळीला जायची. वाईट बातमीला निदान एक रीत होती. तुमच्या हातात पडलं ते 'तुम्ही जिंकलात', वर अकरा गुणांचं बक्षीस. यंत्राला माणूस गेल्याचं कळत नाही, मुदत गेल्याचं कळतं. त्याला काय दोष द्यायचा? पण तो घाव वेगळाच आहे आणि तुमची झोप मोडली त्यात त्याचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

न भेटता झालेली मैत्री खरी की खोटी, या वादात मी फार शिरत नाही. बुद्धिबळवाल्यांना तर हा प्रश्न पडायचंच कारण नाही. लंडन आणि एडिंबरा इथल्या क्लबांनी 1824 ते 1828 अशी चार वर्षं टपालाने सामना खेळला होता. माझा थोरला मामा बेळगावच्या एका शाळामास्तरांशी पोस्टकार्डावर खेळायचा. घरी त्या कार्डांची चळत होती. वर चाल, खाली दोन ओळी : इकडे पाऊस नाही, धाकटीचं जमलं, खोकला बरा आहे. मास्तर कसे दिसायचे हे मामाला ठाऊक नव्हतं आणि त्याचं कुणाला काही वाटलंही नाही. हौसेने बिनतारी संदेश पाठवणाऱ्या हॅम रेडिओवाल्यांकडे तर गेलेल्या सोबत्यासाठी खास शब्दच आहे, 'सायलेंट की'. की म्हणजे मोर्स संदेश पाठवायची कळ. ती आता मुकी झाली. ज्यांची ओळखच हवेतून येणाऱ्या टकटकीने होते, त्यांनी आपल्या माणसाच्या जाण्यासाठी आपलाच शब्द घडवला. तुमच्या गटाकडे असा शब्द अजून नाही, एवढंच.

आता तुम्ही पत्राच्या मध्यावर लपवून ठेवलेली गोष्ट. 'विषय बदलू नका, वजीर वाचवा.' तुमची काहीच चूक नव्हती असं सांगून मी तुमची बोळवण करणार नाही, कारण रात्री तीनला असल्या वाक्यांचा काडीचा उपयोग होत नाही. तुमच्या लक्षात आलं नाही, हे खरं आहे. पण तो निरोप पुन्हा एकदा वाचा. छातीचं दुखणं त्यांनी स्वतःच कचोऱ्यांवर ढकललेलं आहे. घरात बायको-मुलगी असताना त्यांनी ते तिथे, पटाखाली लिहिलं. का? तर घरी बोलले असते तर त्याच संध्याकाळी त्यांना दवाखान्यात बसवलं असतं. तुमच्याकडे ते चेष्टेत निघून जाईल हे त्यांना नऊ वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. तसं ते गेलं. त्यांनी चेष्टेची चाल केली, तुम्ही चेष्टेनेच उत्तर दिलंत. मागे वळून बघताना आपल्याला सगळा पट दिसतो. खेळताना तुमच्यासमोर फक्त वजीर होता.

या आठवणीचा सल राहील. पुढे कुणी छातीत भरून येतं म्हणालं की तुम्ही डाव बाजूला सारून त्याला आधी डॉक्टरकडे धाडाल, हे मला ठाऊक आहे.

मुलीला फोन करू नका. अनोळखी नंबर, अनोळखी आवाज, त्यात तुमचा कंठ दाटला की तिलाच तुमची समजूत घालत बसावं लागेल. पत्र लिहा. गटात तिने ज्या खात्यावरून लिहिलं तिथेच तिचा पत्ता विचारा आणि हाताने लिहून टपालाने पाठवा. त्यात पहिली गोष्ट 'पळालात?' या निरोपाची. तिने बाबांचं खातं उघडलं तेव्हा तो निरोप तिला दिसला असणार. हा माणूस कोण, बाबांना असं का बोलतो, असं तिच्या मनात आलंही असेल. तेव्हा आधी सांगून टाका की ते माहीत नसताना लिहिलं, आमच्यात असंच चालायचं, माफ कर.

पुढे तुमच्याकडेच आहे ते द्या. पोहे-जिलबीचा रविवार द्या. ते हरायला लागले की काय लिहायचे, जिंकल्यावर किती चढून जायचे, लेकीबद्दल कधी काय म्हणाले, ते सगळं त्यांच्याच शब्दांत उतरवून द्या. नॉर्वेत मात्स स्टीन नावाचा एक तरुण 2014 साली स्नायूंच्या आजाराने गेला, अवघ्या पंचविशीत. दिवसातले कितीतरी तास तो कॉम्प्युटरवरच्या खेळात असायचा. पोरगा एकटा पडला, त्याला मैत्री कशी ती मिळाली नाही, ही त्याच्या आईवडिलांची खंत होती. तो गेल्याचं त्यांनी त्याच्या ब्लॉगवर कळवलं, आणि देशोदेशींच्या अनोळखी माणसांच्या मेल यायला लागल्या. मात्सने मला कसा धीर दिला, मला घरच्यांशी बोलायला कसं लावलं. काही जण तर अंत्यविधीलाही आले. आपल्या मुलाचं अर्धं आयुष्य त्या आईवडिलांना परक्यांकडून कळलं. घोडेरावांच्या लेकीला 'बाबा फोनवर बसलेत' एवढंच दिसायचं. फोनच्या आत काय चाललं होतं ते तुमच्याजवळ आहे.

कचोऱ्यांचा निरोप मात्र त्या पत्रात घालू नका. तो सांगून तुम्हाला हलकं वाटेल आणि तिच्या गळ्यात एक नवा धोंडा पडेल. पुढेमागे तिने आपणहून विचारलं, 'बाबा तब्येतीबद्दल काही बोलले होते का?', तर लपवू नका, जसं होतं तसं सांगा. ती 'या' म्हणाली तर जरूर जा. पुण्याहून इंदूरला रात्रीची गाडी आहे. दारात कुणी 'हे कोण?' म्हणालं, तर उत्तर तीच देईल.

वहिनींचं राहिलं. त्यांच्या वाक्यातला टोमणा तुम्ही ऐकलात, पण प्रश्न ऐकला नाहीत. 'हा कोण कुठला?' नऊ वर्षं नवरा फोनकडे बघून गालात हसतो आणि बाई विचारते कोण कुठला, याचा अर्थ तुम्ही तिला कधी सांगितलंच नाहीत. रागावू नका, पण तिच्या जागी मी असते तर मलाही थोडं लागलं असतं. इंदूरच्या माणसाला रोज सवड होती, ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाला नव्हती. आज संध्याकाळी तिला समोर बसवा आणि घोडेरावांचे पाच-सहा निरोप वाचून दाखवा. बुद्धिबळ तिला कळत नसेल तरी चालेल, जिलबी कळते.

तुम्ही विधी पाळता की नाही, पत्रावरून कळत नाही. मी स्वतः फारशी पाळत नाही. पण पाळत असाल तर एक सांगते. पितृपक्षात महालयाला ज्यांना पाणी द्यायचं, त्यांची यादी एका जुन्या श्लोकात बांधलेली आहे. आईवडील, आजोबा-पणजोबा, आजोळचे, बायको, मुलं, भाऊ, आत्या-मावश्या, सासरा, गुरू, शिष्य, आणि अगदी शेवटी 'आप्त'. मराठीत आपण या शब्दाचा अर्थ नातेवाईक एवढाच करून टाकला. संस्कृतात आप्त म्हणजे ज्याच्यावर विसंबावं असा आपला माणूस. गुरुजी 'आणखी कुणी?' असं विचारतात ना, तेव्हा घोडेरावांचं नाव सांगा. खरं नाव माहीत नसेल तर मुलीच्या पत्रात तेही विचारून घ्या. गोत्राचं काय करायचं ते गुरुजी बघतील.

आता तो डाव. ॲपवरचं काही कायमचं धरू नका. जुनं कधी पुसलं जाईल सांगता येत नाही. शेवटच्या डावाच्या सगळ्या चाली वहीत उतरवून घ्या. मग घरातला लाकडी पट काढा. सांगलीतल्या बुद्धिबळवाल्याच्या घरी तो नसेल यावर मी विश्वास ठेवणार नाही. शेवटच्या चालीपर्यंत सोंगट्या मांडा. तुम्ही हरत होतात म्हणता, मग हरा. आपला राजा आपल्या हाताने आडवा करा. हे दिवसाउजेडी करायचं, रात्री तीनला नाही. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आणखी दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही, जेवणावरची वासना गेली, तर 14416 या नंबरवर बोला. ती सरकारची फुकट मदतवाहिनी आहे, मराठीतही बोलतात.

गटातल्या बाकीच्या तेहतीस-चौतीस जणांचं कसं चाललंय, हे तुम्ही लिहिलंच नाहीत. त्यांनाही घोडेराव रविवारचे निरोप पाठवत असतील. विचारून बघा.

तुमची,
ताई

ता. क. – ते अकरा गुण परत करायची काही सोय असते का, म्हणून माझ्या भाच्याला विचारलं. तोही खेळतो. म्हणाला, 'नसते गं, पण पुढच्या दोन डावांत हरले की आपोआप जातील.'