कडीचा नंबर आणि वहीतला पक्षी जुळत नाही? आधी ओळखीवर भांडू नका

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. अभ्यासासाठी पायात नंबराची कडी घालून सोडलेला पक्षी तीन दिवसांनी परत जाळ्यात, कडीचा नंबर वहीत भलत्याच जातीसमोर, आणि टीममध्ये जो तो दुसऱ्याच्या ओळखीवर शंका घेतोय... सेम आमच्याकडे झालेलं. जाळी, पिशव्या, पक्कड हे सगळं तुम्हाला येतंच, ते सोडतो.

आमच्या हातात विलो वॉर्बलर, वहीत त्या नंबरला चिफचाफ. दोन्ही छोटे वटवटे पक्षी, दिसायला जुळे भाऊ, त्यामुळे दोन संध्याकाळी आम्ही पंखाच्या सहाव्या पिसाची कड निमुळती होते की नाही यावरच वाद घालत बसलो. शेवटी कोणीतरी मापाचा रकाना बघितला. वहीत पंख 57 मिमी, हातातला 66. तीन दिवसांत एवढा वाढतो होय!

चूक माझी होती. त्या पहाटे पाऊस थांबला आणि जाळ्यात एकदम पक्ष्यांचा लोंढा आला, पक्षी ठेवलेल्या पिशव्या टांगायला खुंट्या पुरेनात, त्यात एक कडी दाबताना टोकावर टोक चढलं, मी ती सोडवली, वाकडी झाली म्हणून खिशात टाकली, ओळीने नंबर असलेल्या कड्यांच्या माळेतली पुढची घातली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. लिहिणारा बिचारा ओळीने नंबर टाकत गेला. तिथून पुढे दिवसभराचे सगळे पक्षी एकेका ओळीने सरकले. आमचा 66 वाला बरोब्बर वरच्या ओळीत बसला होता!

तर आधी एक ओळ वर, एक खाली बघा. वाया गेलेल्या कडीचा नंबर हातात असेल तर तिथून पुढचं सुधारता येतं, नसेल तर अंदाजाने सरकवू नका, खात्रीच्या दोन नोंदींमधलं सगळं संशयास्पद म्हणून मार्क करा. जीव तुटतो, पण चुकीच्या नोंदीपेक्षा बरं.

सुधारणा कळवायला गेलो तर ज्या ऑफिसातून कड्या मिळायच्या तिथून तोच फॉर्म दोनदा परत, कारण न देता, आणि तिसऱ्यांदा उत्तर की एकदा जमा केलेली नोंद बदलत नाही. मग फॉर्म भरून घेतलाच कशाला? असो. नियम ठिकाणाप्रमाणे वेगळे असतात, तुमच्याकडे माणसं बरी असतील.

आता आम्ही नंबर माळेवरून नाही, पायात कडी बसल्यावर तिच्यावरूनच मोठ्याने वाचतो, लिहिणारा परत म्हणून दाखवतो, आणि वाया गेलेल्या कडीलाही वहीत स्वतःची ओळ. संध्याकाळी माळेवरची पुढची कडी वहीशी ताडून बघायची. आणि लोंढा आला की सरळ काही जाळी बंद करा. चरबीचा स्कोअर (अंगावर चरबी किती ते), वयासाठी कवटी बघणं वगैरे राहिलं तरी चालेल, पिशवीत पक्षी ताटकळता कामा नये. हे माझं मत, आमच्यातच काहींना पटत नाही.

बाकी, त्या दिवशी घातलेल्या जॅकेटांचे खिसे तपासा. चेष्टा नाही करत, माझी वाकडी कडी तिथेच सापडली, धुण्यातून निघून.