पाणी फुटलं की परत वळवायचं

प्रिय बेटा,

परवा फोनवर तू विचारलंस की काका ध्यान कसं सुरू करू, आणि मी "लिहून पाठवतो" म्हणून फोन ठेवला, कारण हे दोन मिनिटात सांगण्यासारखं नव्हतं आणि तुझा आवाज फार थकलेला वाटला मला. धुळ्यातली ती पत्र्याची रूम, परीक्षा, रात्री दोन दोन वाजेपर्यंत मोबाईल, सकाळी उठल्या उठल्या छातीत धडधड. सांगितलंस ते बरं केलंस.

आधी माझं सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात वादळ आलं आणि कापणीवर आलेली माझी केळीची बाग अर्ध्या तासात आडवी झाली. यावल-रावेरकडे हे कोणाला नवीन नाही, पण ज्याची बाग पडते त्याची झोप जाते ती जातेच. कोणीतरी म्हटलं ध्यान कर. मी पहिल्याच दिवशी तासभर बसलो, मांडी घालून, दात आवळून, आज मन गप्प करूनच उठायचं असं ठरवून. डोक्यात बँकेचा हप्ता, पडलेले घड, पोरांची फी, सगळी जत्रा. नऊ दिवस केलं आणि सोडून दिलं, हे आपलं काम नाही म्हणून.

मग कळलं कुठे, तर शेतातच. थंडीचे दिवस, थ्री फेज लाईट रात्रीची, मी गव्हाला पाणी भरत होतो. पाटाचं पाणी वाफ्यात सोडायचं आणि बांधावर जरा टेकायचं, की कुठेतरी उंदराचं बीळ लागायचं आणि पाणी भलतीकडेच निघायचं. मग उठायचं, फावड्यानं दोन ढेकळं टाकायची, पाणी परत वाफ्यात. रात्रीतून वीस वेळा फुटलं तर वीस वेळा वळवलं. पाण्यावर कधी चिडलो नाही, आणि पाणी फुटतं म्हणून गहू तसाच टाकून घरीही निघून गेलो नाही. त्या रात्री एकदम वाटलं, अरे, मनाच्या बाबतीत मग मी का चिडत होतो? मन फुटणारच बेटा. ते फुटलंय हे ध्यानात येणं आणि शांतपणे परत आणणं, एवढंच ते काम आहे. दहा मिनिटात तीस वेळा आणलंस तर तीस वेळा सराव झाला तुझा, त्यात वाया काही गेलं नाही.

आता करायचं कसं. पहिला महिना फक्त पाच मिनिटं. हसू नको, पाचच. तासाभराचा संकल्प नवव्या दिवशी मोडतो हे मी भोगलंय, पाच मिनिटं ताप असला तरी होतात. वेळ मात्र एकच ठेव, सकाळी तोंड धुतल्यावर लगेच, मोबाईलचं नेट चालू करायच्या आधी. आपल्याकडे तर दुसरी वेळच नाही, मे महिन्यात पारा 44-45 वर जातो, नऊ वाजता तुझ्या त्या पत्र्याखाली बसवणार नाही. उन्हाळाभर साडेपाचला गच्चीवर बस, थंडीत गोधडी पांघरून आत बस. आणि जेवल्यावर बसू नको, विशेषतः भरीत आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या झाल्या असतील त्या दिवशी तर नाहीच, झोपच येते.

मांडी जमत नसेल तर खुर्चीवर बस, पाय जमिनीला टेकव, काही बिघडत नाही. खाली बसलीस तर बुडाखाली उशी घे, गुडघे कमरेपेक्षा खाली आले पाहिजेत, मग पाठ आपोआप सरळ राहते. पायाला मुंग्या आल्या तर घाबरायचं नाही, शीर दबते म्हणून येतात, हळूच पाय बदलायचा. सहन करत बसणं म्हणजे तप नाही.

डोळे मिटून आधी तीन-चार श्वास जरा लांब सोड. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित कमी होतात, शरीराची रचनाच तशी आहे, म्हणून तुझ्या त्या धडधडीला लांब सोडलेला श्वास बरा. मग मात्र श्वासाला हात लावायचा नाही, तो जसा येतोय तसा येऊ दे, नाकाशी गार लागतो का, पोट हलतंय का, तेवढंच बघ. सोडलेला प्रत्येक श्वास मोज, एक ते दहा, मग परत एक. चुकलं तर परत एकपासून. मी कित्येक महिने चारच्या पुढे गेलो नव्हतो, तरी तेवढ्यात झोप परत आली होती.

शेजारच्या रूममधलं गाणं, कुलरची घरघर, खालून जाणारी ट्रक, हे बंद व्हायची वाट बघू नको. शांत जागा मिळाली की बसेन म्हणणारे लोक मी बघितलेत, ते अजून बसलेले नाहीत.

आणि काही दिवस असे येतील की बसवणारच नाही. तेव्हा चाल. आपल्या मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला महिनाभर चालत जाते, त्या बायाबापड्यांना ध्यान शिकवायला कोणी गेलं नव्हतं, पाऊल आणि नाम, पाऊल आणि नाम. तू रूमपासून कॉलेजपर्यंत कानात काही न घालता चाल आणि तळपाय टेकतोय तेवढं जाणव. तुझी आजी 108 मण्यांची माळ ओढते ना, तेही हेच आहे. श्वासापेक्षा नाम जवळचं वाटलं तर नाम घे.

विपश्यनेला इगतपुरीला जाऊ का असंही विचारलं होतंस. जागा चांगली आहे, 1976 पासून चालू आहे, फी घेत नाहीत, आधी कोर्स केलेल्यांच्या दानावर चालतं. पण दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणं, दिवसाला दहा तासांच्या आसपास बसणं, सुरुवातीचे तीन दिवस तर नुसता श्वासच. माझं मत विचारशील तर आत्ता नको. आधी सहा महिने घरी बस, परीक्षा होऊ दे, मग जा.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. डोळे मिटून श्वासाकडे बघितलं की काही लोकांना जास्त गुदमरतं. तसं झालं तर लगेच डोळे उघड, तळपाय जमिनीवर दाबून बस, आजूबाजूचे आवाज ऐक, त्या दिवशी तेवढंच पुरे. आणि धडधड रोजच वाढत असेल, जेवण जात नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर ध्यानावर विसंबू नको. डॉक्टरांकडे जायचं, माझ्यासोबत जायचं असेल तर मी पहिल्या एसटीनं येतो. 14416 हा मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलिमानस मदत नंबर आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री कधीही लागतो, मोबाईलमध्ये आत्ताच सेव्ह कर. मन दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जाण्यात लाज कसली, मी बाग पडली तेव्हा गेलो नाही आणि उगाच वर्षभर जास्त ओढत बसलो.

आज रात्रीच उशी खिडकीशी टाकून ठेव आणि मोबाईलचं चार्जर दाराजवळ लाव, हात पुरणार नाही असं. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर आहे ना, बसलीस त्या तारखेला गोल कर, बाकी काही लिहू नको. पंधरा दिवसांनी फोन करीन तेव्हा कसं वाटतंय हे मी विचारणार नाही, गोल किती झाले तेवढंच विचारीन. चार दिवस चुकले असतील तर चुकले म्हणून सांग.

काकूनं कळणं दळून ठेवलंय, पुढच्या रविवारी येऊन घेऊन जा.

तुझा,
काका