आठ वर्षं एमआर, आता पाळकीय सेवा

नागपूरच्या जरीपटक्यातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा ३१ वर्षांचा, बी.एस्सी., आठ वर्षं औषध कंपनीत एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारा प्रतिनिधी. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीत तबला वाजवतो. नोकरी सोडून पाळक (चर्चचा धर्मगुरू) होण्यासाठी सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात, जायचं म्हणतो. त्या विचारतात, "पाचारण (देवाचं बोलावणं) असेल तर मी आड येणार नाही. पण ही आठ वर्षं पाण्यातच गेली ना?"

ताई, पाण्यात गेली नाहीत. मात्र ती जशीच्या तशी सेवेत वापरताही येणार नाहीत, आधी उलगडावी लागतील. मुलाला सांगा, मागच्या दहा दिवसांत कामावर काय काय केलं ते वहीत लिही. हुद्दा आणि टार्गेट नको, फक्त कृती. महिन्याचा टूर प्रोग्रॅम (कुठल्या दिवशी कुठे भेटी) आखला, दोन मिनिटांच्या भेटीसाठी केबिनबाहेर तासभर थांबलो, डॉक्टर मागच्या खेपेला काय म्हणाले ते लक्षात ठेवलं, रात्री रिपोर्ट भरला, 'नको' ऐकूनही पुढच्या महिन्यात हसतमुखानं गेलो.

यातली पहिली गोष्ट पाळकाला सोन्यासारखी आहे. कुटुंब-भेटी बहुतेक ठिकाणी नियोजनाअभावी कोलमडतात. चर्चजवळच्या पाच-सात घरी वारंवार जाणं होतं आणि लांबच्या वस्तीतली म्हातारी माणसं वर्षभर वाट पाहतात. समजा मंडळीत १२० कुटुंबं आहेत. आठवड्याला आठ भेटी ठरवल्या तर १५ आठवड्यांत सगळी घरं होतात, म्हणजे वर्षातून तीनदा प्रत्येक दारी पाळक. हे गणित त्याच्या हाताला आधीच बसलेलं आहे. भेटीनंतर दोन ओळी टिपायची सवयही तशीच ठेवावी, फक्त घरातली खासगी गोष्ट वहीत येऊ देऊ नये.

रुग्णभेटीत त्याचा अनुभव जितका उपयोगी, तितकाच धोक्याचा. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, धंतोली-रामदासपेठेतली खासगी रुग्णालयं त्याला पाठ असतील. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीहून रुग्णासोबत आलेल्या माणसाला कुठली खिडकी, कुठला वॉर्ड हे दाखवणारा पाळक मिळाला तर निम्मी भीती तिथेच कमी होते. पण खाटेजवळ उभं राहिलं की एमआरचा डोळा आपसूक केसपेपरकडे जातो आणि "हे अँटिबायोटिक का दिलं?" असं तोंडून निघतं. या एका वाक्यानं रुग्णाचा डॉक्टरवरचा विश्वास हलतो. औषधाबद्दल एक शब्दही नको. रुग्णाला मान न वळवता दिसेल तिथे उभं राहावं, खाटेवर बसू नये, दहा मिनिटांत निघावं, प्रार्थना विचारून आणि हळू आवाजात करावी.

सोडायची सवय म्हणजे पटवून देण्याची घाई. डिटेलिंगमध्ये, म्हणजे डॉक्टरांना औषधाची माहिती देताना, बोलायचं त्यानं असतं. शोकात असलेल्या घरी बोलायचं घरच्यांनी असतं. टार्गेटचं मन मंडळीत आलं की माणसांचे आकडे होतात. माझ्या मते सेमिनरीत त्याला सर्वांत जड जाईल ते हेच.

तबल्याबद्दल थोडंच सांगते. उपासनेत केरवा-दादऱ्याचा साधा ठेका पुरे. म्हाताऱ्यांना ओळीच्या शेवटी श्वास घेता येईल एवढी लय ठेवावी, नक्षीदार तुकडे टाळावेत.

सेवेतली पदवी म्हणजे बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी). पदवीधरांसाठी ती साधारण चार वर्षांची, बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून. पुण्याची युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आणि युनियन बिब्लिकल सेमिनरी (ही पूर्वी आपल्या यवतमाळला होती) या दोन्ही बंगालमधल्या सेरामपूरच्या सिनेटशी, म्हणजे या पदव्या देणाऱ्या संस्थेशी, संलग्न आहेत. १८१८ साली सेरामपूर कॉलेज उभारणाऱ्या तिघांचे आधीचे धंदे त्याला जरूर सांगा: विल्यम कॅरी चांभारकाम करत, विल्यम वॉर्ड छापखान्यातले, जोशुआ मार्शमन शाळामास्तर. वॉर्डना छपाई येत होती म्हणून कॅरींची भाषांतरं लोकांच्या हाती पडली. कॅरींचं मराठी व्याकरण १८०५ साली सेरामपुरातच छापलं गेलं.

वाट अशी: आधी आपल्या पाळकांशी आणि पास्टोरेट कमिटीशी (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीशी) बोलणं, त्यांची शिफारस, मग डायसिसची (बिशपच्या हाताखालच्या विभागाची) निवड. शिफारस न घेता परस्पर प्रवेश घेतला की शिक्षण संपल्यावर नेमणुकीचा प्रश्न अडतो.

राजीनामा आत्ता नको. आधी सहा महिने नोकरी सांभाळून आठवड्याला दोन भेटी, संडे स्कूलचा एक वर्ग आणि दोन महिन्यांतून एकदा १२ मिनिटांचा संदेश, म्हणजे उपासनेतलं प्रवचन. प्रत्येक संदेशानंतर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना विचारावं, "तुमच्या लक्षात काय राहिलं?" त्यांना एक वाक्यही सांगता आलं नाही, तर संदेशात मुद्दे जास्त झाले. ही कामं करताना त्याला थकवा आला तरी चालेल. कंटाळा आला तर थांबून पुन्हा बोलायला हवं.

पैशांचं पाहताना गाडीचा हप्ता आधी फेडावा. पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेत हक्काच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते, त्याची आठच झाली आहेत. ती रक्कम काढून न घेता फॉर्म १०-सी भरून योजना प्रमाणपत्र घ्यावं. पुढे पीएफ लागू असलेल्या एखाद्या मिशन रुग्णालयात किंवा शाळेत त्याची नेमणूक झाली, तर ही आठ वर्षं तिथे धरली जातात.