‘गतिमंद’ म्हणजे ‘मतिमंद’चं गोड नाव का?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ताईंनी विचारलंय : “भाचा अडीच वर्षांचा आहे. अजून धरून धरूनच चालतो, चार-पाच शब्द बोलतो. अंगणवाडीच्या बाई ‘गतिमंद’ म्हणतात, दवाखान्याच्या कागदावर ‘जीडीडी’ लिहिलंय, आणि शेजारीण म्हणते, मतिमंदच ते, चांगलं दिसावं म्हणून गतिमंद म्हणायचं. तिन्ही एकच का?”

एकच नाहीत. शेजारीण मात्र अर्धी बरोबर आहे.

‘मंद’ हा मुळात शिवी नव्हे. समईची ज्योत मंद असते, चटणीच्या शेंगा मंद आचेवरच भाजाव्यात. शनीचं एक नाव मंद, कारण सूर्याभोवतीची फेरी पुरी करायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. कालिदासानं तर रघुवंशाच्या सुरुवातीलाच स्वतःला ‘मंद’ म्हणून घेतलंय. आपल्या गावात कानावर पडणाऱ्या कन्नड-तेलुगूत याला ‘बुद्धिमांद्य’, ‘बुद्धिमांद्यम्’ म्हणतात. फरक बघा : मांद्य हे अवस्थेचं नाव, मंद हे माणसाचं विशेषण. मराठीनं मांद्य पोटातल्या अग्नीला ठेवलं आणि मंद लेकराला चिकटवला. मग तो शब्द शाळेच्या पाटीवरून वर्गातल्या चिडवाचिडवीत जायला कितीसा वेळ?

‘गतिमंद’ त्याच्याच यमकात बसवलेला. कुणी तो अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलासाठी वापरतं, कुणी उशिरा चालणाऱ्यासाठी, आणि बरेचजण शेजारीण म्हणते तसा झाकण म्हणून. मला ‘मतिमंद’पेक्षाही हा शब्द जास्त खटकतो. ‘गती’ ऐकलं की घरचे म्हणतात, येईल की गती, याचा बापपण उशिराच बोलला. आणि तपासणी राहून जाते.

‘जीडीडी’ म्हणजे ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले. इथलं ‘ग्लोबल’ जगाचं नव्हे. चालणं, बोलणं, हातांची कामं, समज यांपैकी निदान दोन बाबतींत बराच उशीर, एवढाच अर्थ. पाच वर्षांच्या आत बुद्धीच्या चाचण्यांवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून डॉक्टर हा शब्द लिहितात. ‘बौद्धिक अक्षमता’ ही पुढची गोष्ट. तिथं नुसता बुद्ध्यांक पुरत नाही, जेवण-कपडे-व्यवहार अशा रोजच्या जगण्यातली अडचणही दिसावी लागते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं १९९५च्या कायद्यातल्या ‘मतिमंदत्वा’ला बाजूला सारून हीच कल्पना घेतली. आणि बौद्धिक अक्षमता हा मनोविकार नव्हे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनोआजाराच्या व्याख्येतून ती स्पष्ट वगळलीय. तेव्हा ‘येडं’ म्हणणारा दोनदा चुकतो.

शिवाय उशीर ही खूण आहे, रोगाचं नाव नव्हे. जन्मतःच थायरॉइड कमी असेल तर पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू केल्यावर मेंदूचं नुकसान बहुतांशी टळतं. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची जादा प्रत असते (हे १९५९ मध्ये कळलं). ती काढता येत नाही, पण स्नायू ढिले असल्यानं उशिरा येणारं चालणं व्यायामानं सुकर करता येतं. तुमच्या भाच्याचं कारण काय, ते बालरोगतज्ज्ञच सांगतील. कागद घेऊन त्यांना तेवढंच विचारा.

‘डाउन’वरून आठवलं. एका रिक्षात आजीबाई सांगत होत्या, “नातू डाउन आहे म्हणाले डॉक्टर, मोबाईलचा टॉवर डाउन असतो तसं असंल.” तसं नाही, आजी. ते जॉन लँगडन डाउन या डॉक्टरांचं आडनाव. त्यांनी १८६६ मध्ये या मुलांचं वर्णन केलं. त्यांनीच दिलेलं ‘मंगोल’ हे नाव मंगोलियाच्या विनंतीवरून १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सोडलं. आपल्याकडच्या जुन्या फायलींत ते अजून भेटतं.

आता ताई, अर्जात काय लिहायचं? डॉक्टरांनी लिहिलंय तेच, ‘सर्वांगीण विकासात उशीर’. आणि घरात? आपल्या सोलापुरीत क्रियापद आहेच की : लेकरू धरून चालायलंय, चार शब्द बोलायलंय. विशेषण लावायचं कामच पडत नाही.

ता. क. ‘डाउन’ आणि ‘डाऊन’ दोन्ही छापलेलं दिसतं, दोन्ही चालवून घेऊ. ‘डाउनग्रस्त’ मात्र नको. ग्रस्त पुराला आणि दुष्काळाला राहू द्या.