आजार वाढला की गोळी वाढली?

पत्र: मी ५४ वर्षांची, कोथरूडला राहते. सासूबाई ७९ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं निदान झालं, तेव्हापासून डोनेपेझिल चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी लघवी आवरेना, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन दिलं. मग रात्रीची झोप गेली, भिंतीवर माणसं दिसू लागली, म्हणून क्वेटियापिन सुरू झालं. आता दिवसभर गुंगीत असतात, पाय ओढत चालतात. आठ दिवसांपूर्वी बाथरूममध्ये पडल्या. कपाळावर टेंगूळ आलं होतं, ते उतरलं. तीन-चार रात्री त्या फार रडल्या, तेव्हा मी क्वेटियापिनची अर्धी गोळी जास्त दिली. हे घरात कुणालाच माहीत नाही. मिस्टर म्हणतात, आजार वाढलाय. नणंद अमेरिकेतून सांगते, सगळ्या गोळ्या बंद करा. माझ्यामुळे पडल्या का हो त्या?
— कोथरूडची सून

सूनबाई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, पण आधी एक काम. हे वाचून होताच सासूबाईंना दवाखान्यात न्या. उद्यावर टाकू नका. टेंगूळ उतरलं म्हणजे मार उतरला असं नसतं. वयाबरोबर आणि या आजारात मेंदू आकसतो, त्याच्या बाहेरच्या बारीक शिरा ताणल्या जातात. अशा माणसाच्या डोक्याला साधा मार लागला तरी आत हळूहळू रक्त साठू शकतं, आणि ते दिवसांनी, कधी आठवड्यांनी लक्षात येतं. गुंगी औषधाची की आतल्या रक्ताची, हे तुम्हाला-मला बघून कळणार नाही. डोक्याचा सीटी स्कॅन करायचा का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. त्या रक्त पातळ होण्याची गोळी घेत असतील तर तेही सांगा. उलटी झाली, एक बाजू लुळी वाटली किंवा हाक मारून जाग येईना, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

आता बाकीचं.

पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही घटना ज्या क्रमाने लिहिल्यात, त्या क्रमातच बहुतेक उत्तर आहे. डोनेपेझिल मेंदूतलं असिटिलकोलीन नावाचं रसायन लवकर मोडू देत नाही. स्मरणाला त्याचा थोडा आधार होतो. पण हेच रसायन मूत्राशयावरही काम करतं, म्हणून काहींना या गोळीने लघवीची घाई होते. त्यावर दिलेलं ऑक्सिब्युटिनिन नेमकं याच रसायनाला अडवतं. म्हणजे एक गोळी जे टिकवते, ते दुसरी गोळी निकामी करते. वर ऑक्सिब्युटिनिनने म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ वाढू शकतो, भास होऊ शकतात, पोट साफ होत नाही. भास झाले म्हणून क्वेटियापिन आलं, आणि त्याने गुंगी, जखडलेपणा, तोल जाणं. तुमच्याकडे असंच घडलं, हे मी इथे बसून ठामपणे म्हणणार नाही. लघवीत जंतुसंसर्ग असला तरी घाई होते आणि भासही होतात, म्हणून लघवीची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्या. पण एका गोळीचा त्रास निस्तरायला दुसरी गोळी येण्याचा हा प्रकार डॉक्टरांच्या चांगला ओळखीचा आहे. फक्त दोन डॉक्टर एकमेकांच्या चिठ्ठ्या बघत नाहीत, तिथे तो सुटून जातो.

माझ्या वडिलांच्या बाबतीत आम्ही चार महिने "आता वयच झालं" म्हणत काढले. सर्दीसाठी म्हणून सुरू झालेली एक साधी गोळी रोज चालूच राहिली होती. ती बंद झाल्यावर पंधरवड्यात बाबा पुन्हा पेपर मागायला लागले. ते चार महिने मला अजून टोचतात, म्हणून तुमच्या यजमानांना कळकळीने सांगते: आजार वाढला म्हणण्याआधी गेल्या दोन-तीन महिन्यांत कोणती गोळी आली, गेली किंवा बदलली, ते आधी बघा. डिमेन्शिया सहसा हळू सरकतो. काही दिवसांत माणूस पार बदलला तर कारण दुसरीकडे शोधायचं असतं.

नणंदबाईंची काळजी खरी आहे. डिमेन्शियाच्या वृद्धांना क्वेटियापिनच्या गटातली औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला. १७ चाचण्यांत साधारण दहा आठवड्यांच्या काळात औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के दगावले, तुलनेसाठी औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २.६ टक्के. तरी कधीकधी ही औषधं द्यावी लागतात. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील इतका बिथरला, तर थोडी, थोड्या दिवसांसाठी. पण सगळ्या गोळ्या एकदम बंद करणं हाही धोकाच. काय आधी थांबवायचं, काय हळूहळू उतरवायचं, ते डॉक्टरांना ठरवू द्या. भास आणि जखडलेपण दोन्ही आहे, हे न्यूरॉलॉजिस्टना मुद्दाम सांगा. डिमेन्शियाच्या लेवी बॉडी नावाच्या प्रकारात ही औषधं फार वाईट बाधतात. डोनेपेझिलने नाडी मंदावून चक्कर येऊ शकते, म्हणून ईसीजीबद्दलही विचारा.

जाताना घरातली प्रत्येक स्ट्रिप एका पिशवीत घाला. कापून आणलेले तुकडे, कफाची बाटली, चूर्ण, सर्दीची गोळी, सगळं. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, तेही ऑक्सिब्युटिनिनसारखंच मेंदूला गुंगवतं. वरणात कुस्करून देत असाल तर केमिस्टला विचारून घ्या, कारण नावापुढे एसआर किंवा एक्सआर असलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुस्करली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो.

रडण्याबद्दल. दिवेलागणीला, परवचा म्हणायच्या वेळेला, या आजारात जीव घाबरा होतो. अंधार पडायच्या आत सगळे दिवे लावा. घरी जायचंय म्हणाल्या तर "हेच घर" म्हणून समजावत बसू नका, त्यांच्या माहेरच्या वाड्याबद्दल विचारा. दुपारची झोप थोडी कमी होते का बघा. आणि आठवड्यातून दोन रात्री उठण्याची पाळी यजमानांची, हे आजच ठरवा. अर्धी गोळी हातात येते ती अशा रात्रींत, जेव्हा बाई एकटी असते आणि दोन तासही झोपलेली नसते. कुणाशी बोलावंसं वाटलं तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

तुमच्यामुळे पडल्या का? जास्तीच्या अर्ध्या गोळीचा वाटा असू शकतो. खोटा दिलासा मी देणार नाही. पण तीन औषधं एकमेकांशी भांडत असताना तुम्हाला कुणी सावध केलं नव्हतं, आणि त्या रात्री तुम्ही त्यांच्या उशाशी होतात. ती अर्धी गोळी डॉक्टरांना सांगावीच लागेल, किती रात्री आणि कोणत्या तारखांना, कारण त्यावर त्यांचा पुढचा डोस ठरेल. यजमान शेजारी बसलेले असतानाच सांगा. सांगताना आवाज कापला तरी चालेल.